‘फॉरमॅट’ दाबायच्या आधी थांबा! डिस्कचा ‘सातबारा’ असा वाचा, असा जपा

प्रतिनिधी : पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, आणि स्क्रीनवर मेसेज आला की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. बरेच जण इथे घाईघाईत ‘हो’ दाबून मोकळे होतात. मग लक्षात येतं की त्यात पोराच्या लग्नाचे फोटो होते, बचत गटाचा तीन वर्षांचा हिशेब होता, नाहीतर घरच्या सगळ्या कागदपत्रांचे स्कॅन होते. खरं तर अशा वेळी पुष्कळदा आतला माल जागेवरच असतो. बिघडलेली असते ती फक्त मालाची नोंद. या नोंदीला कॉम्प्युटरच्या भाषेत ‘पार्टिशन टेबल’ म्हणतात.

हा विषय सध्या आणखी एका कारणाने महत्त्वाचा झाला आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही. अशा चालू स्थितीतल्या मशीनला लिनक्स हा बिनखर्चाचा पर्याय आहे. उबुंटू आणि मिंट ही त्यातली प्रसिद्ध नावं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही ‘बॉस’ नावाचं लिनक्स तयार केलं आहे. पण लिनक्स टाकताना पहिला प्रश्न येतो तो डिस्कच्या हिश्श्यांचा. तिथे ‘पूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ हा पर्याय न वाचता निवडला, तर जुना डेटा गेलाच म्हणून समजा.

लिनक्समध्ये हे हिस्से बघायची, त्यांची नक्कल काढायची आणि ते बदलायची साधनं फुकट मिळतात. काळ्या स्क्रीनवर टाईप करावं लागतं एवढंच. ते कसं करायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठे हात थांबवायचा, ते बघू.

पार्टिशन टेबल म्हणजे नेमकं काय?

एका गटात चार भावांची जमीन आहे असं धरा. कोणाचा हिस्सा कुठून सुरू होतो, कुठे संपतो, जिरायत आहे की बागायत, हे सगळं कागदावर असतं. कागद हरवला म्हणून जमीन कुठे जात नाही. उभं पीकही जळून जात नाही. फक्त हद्द कुठली ते सांगता येत नाही.

डिस्कचंही तसंच आहे. हार्डडिस्क, एसएसडी, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड या सगळ्यांच्या अगदी सुरुवातीला एक छोटा तक्ता लिहिलेला असतो. पहिला हिस्सा अमुक जागेपासून, एवढ्या लांबीचा, अमुक प्रकारचा. दुसरा हिस्सा पुढे तिथून. कॉम्प्युटर डिस्क उघडताना आधी हा तक्ता वाचतो आणि मगच हिश्श्यात शिरतो.

इथे तीन गोष्टींची गल्लत होते, ती आधीच सोडवलेली बरी. पार्टिशन करणं म्हणजे बांध घालणं. फॉरमॅट करणं म्हणजे त्या बांधाच्या आत नव्याने सऱ्या-वाफे पाडणं. आणि फाईली म्हणजे पीक. बांध मोडला तरी पीक उभं राहू शकतं. पण उभ्या पिकात नांगर घातला तर हाती काय लागणार? म्हणून तक्ता बिघडलेल्या डिस्कवर पहिलं पाऊल फॉरमॅटचं कधीच नसावं.

डिस्कवरची जागा ‘सेक्टर’मध्ये मोजतात. एक सेक्टर साधारणपणे ५१२ बाइटचा धरला जातो. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये असे सव्वासहा कोटी सेक्टर होतात. आजकाल पहिला हिस्सा बहुतेक वेळा २०४८ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू करतात, म्हणजे पुढे साधारण एक एमबी जागा मोकळी राहते. हा २०४८ आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

जाता जाता एक शंका मिटवू. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरमध्ये २९.८ दिसतो, तेव्हा दुकानदाराने फसवलं असं वाटतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, त्यामुळे हा फरक पडतो. १ टीबीची डिस्क याच हिशेबाने ९३१ जीबी दिसते.

तक्ते दोन प्रकारचे : जुना आणि नवा

जुन्या तक्त्याला ‘एमबीआर’ म्हणतात. लिनक्समध्ये त्याचं नाव ‘डॉस’ असं दिसतं. हा १९८३ सालचा, आयबीएमच्या पीसी एक्सटी मशीनच्या काळातला. त्या मशीनची हार्डडिस्क होती १० एमबीची. आज मोबाइलने काढलेले दोन-तीन चांगले फोटो तिच्यात मावले असते. त्या काळच्या मानाने तक्ताही छोटा ठेवला. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये फक्त ६४ बाइट तक्त्यासाठी, आणि त्यात १६ बाइटच्या चार ओळी. म्हणून मुख्य हिस्से चारच पडतात. पाचवा हवा असेल तर चारातल्या एकाला ‘एक्स्टेंडेड’ करून त्याचे पोटहिस्से पाडावे लागतात. शिवाय सुमारे २.२ टीबीच्या पुढची जागा या तक्त्यात लिहिताच येत नाही.

नवा तक्ता म्हणजे ‘जीपीटी’. यात साधारणपणे १२८ हिश्श्यांची सोय असते. प्रत्येक हिश्श्याला स्वतंत्र ओळख क्रमांक आणि नावही देता येतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी आपोआप ठेवली जाते. तलाठी कार्यालयातला कागद भिजला तरी तहसीलला नक्कल आहे, तसं. तक्त्यातल्या आकड्यांचा ताळा जुळतो का, हेही दर वेळी तपासलं जातं. पहिली प्रत बिघडली असेल तर लिनक्समधलं एफडिस्क हे साधन तसं सांगतं आणि शेवटची प्रत धरून चालतं.

नवीन कॉम्प्युटरच्या डिस्कला जीपीटी घ्यावा. पेनड्राइव्ह आणि छोट्या मेमरी कार्डांना मात्र अजून एमबीआर सोयीचा पडतो, कारण टीव्ही, ट्रॅक्टरचा म्युझिक सिस्टीम, जुने कॅमेरे यांपैकी बऱ्याच उपकरणांना तोच समजतो.

आज्ञा टाईप करताना

खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे मराठीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाईप करायच्या, आकडेही इंग्रजीच. ‘सुडो’ म्हणजे एस-यू-डी-ओ. हा शब्द पुढे लावला की आज्ञा मालकाच्या अधिकाराने चालते आणि पासवर्ड मागितला जातो. पासवर्ड टाईप करताना स्क्रीनवर काही उमटत नाही, त्याने घाबरू नका. ‘डेव्ह’ म्हणजे डी-ई-व्ही. ‘एफडिस्क’ हा एक सलग शब्द आहे, एफ-डी-आय-एस-के.

पहिलं काम : डिस्क ओळखा

बहुतेक मोठी नुकसानं एकाच कारणाने होतात. आज्ञा बरोबर असते, पण डिस्क चुकीची निवडलेली असते. पेनड्राइव्ह पुसायला जावं आणि कॉम्प्युटरचीच डिस्क पुसली जावी.

म्हणून आधी पेनड्राइव्ह न लावता ही आज्ञा द्या :

एलएसबीएलके

अक्षरं सुटी सांगायची तर एल-एस-बी-एल-के. यादी येईल. मग पेनड्राइव्ह लावा, पाच सेकंद थांबा आणि तीच आज्ञा पुन्हा द्या. यादीत जी ओळ नव्याने आली, ती तुमची डिस्क. तिचा आकारही जुळतो का बघा. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लावला आणि ओळीत ४६५ जीबी दिसतंय, तर ती वेगळीच डिस्क आहे.

नावांची पद्धत अशी असते. साध्या हार्डडिस्क आणि पेनड्राइव्हना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावं मिळतात. त्यावरच्या हिश्श्यांना एसडीबी१, एसडीबी२. नव्या लॅपटॉपमधल्या वेगवान एसएसडीचं नाव एनव्हीएमई०एन१ असं, आणि तिच्या हिश्श्यांपुढे ‘पी’ लागतो : एनव्हीएमई०एन१पी१. कार्ड थेट लॅपटॉपच्या खाचेत घातलं तर बहुधा एमएमसीबीएलके०.

नाव पक्कं नसतं हे विसरू नका. आज जो पेनड्राइव्ह एसडीबी आहे, तो उद्या दुसरी डिस्क आधी लावली तर एसडीसी होईल. कालच्या चिठ्ठीवरचं नाव बघून आज आज्ञा देऊ नये. दर वेळी नव्याने बघावं.

दुसरं काम : नक्कल काढा

डिस्क ओळखली की तिचा तक्ता वाचा :

सुडो एफडिस्क -एल /डेव्ह/एसडीबी

यात तक्त्याचा प्रकार, प्रत्येक हिश्श्याचा सुरुवातीचा सेक्टर, शेवटचा सेक्टर आणि आकार दिसतो. या आज्ञेने डिस्कवर काहीच बदलत नाही. ती कितीही वेळा द्या.

आता मोबाइल काढा आणि या स्क्रीनचा स्वच्छ फोटो घ्या. हसण्यासारखी गोष्ट वाटेल, पण सुरुवात आणि शेवट हे दोन आकडे हातात असले तर उडालेला हिस्सा पुन्हा जसाच्या तसा बांधता येतो.

पक्की नक्कल हवी असेल तर ही आज्ञा :

सुडो एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीबी > नक्कल.टीएक्सटी

तक्त्याची पूर्ण नोंद साध्या फाईलमध्ये उतरते. फाईल मोजक्याच ओळींची असते, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवता येते. ज्या डिस्कची नक्कल आहे त्याच डिस्कवर मात्र ठेवू नका. घराची किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावल्यासारखं होईल.

पुढे कधी तक्ता परत बसवायची वेळ आली तर :

सुडो एसएफडिस्क /डेव्ह/एसडीबी < नक्कल.टीएक्सटी

दोन्ही आज्ञांमधला बाण नीट बघा. नक्कल काढताना बाणाचं टोक फाईलकडे, परत बसवताना डिस्कच्या बाजूला. परत बसवताना बाण उलटा पडला तर तुमची नक्कलच कोरी होऊन बसते. म्हणून आधी त्या फाईलचीही एक जादा प्रत करून ठेवावी.

ही नक्कल फक्त तक्त्याची आहे, फाईलींची नाही, हेही ध्यानात असू द्या. फोटो आणि हिशेबाची प्रत वेगळी काढावीच लागते.

प्रत्यक्ष उदाहरण : ‘लहान झालेला’ पेनड्राइव्ह

कोणी लिनक्स टाकायला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह ‘बूटेबल’ करतो. काम झाल्यावर तो विंडोजला लावला की काही एमबीचाच दिसतो. फॉरमॅट केला तरी तेवढाच. पेनड्राइव्ह खराब झाला म्हणून टाकून दिला जातो. खरं कारण असं की बूटेबल करताना त्यावर लिनक्सच्या फाईलचा तक्ता जसाच्या तसा उतरतो. त्यातला एक छोटा हिस्साच विंडोजला ओळखू येतो. तक्ता नवा केला की पूर्ण जागा परत मिळते.

या पेनड्राइव्हमधलं काहीही नको आहे, अशी खात्री असेल तरच पुढे जा. तो एसडीबी आहे असं धरू.

१) पेनड्राइव्ह आपोआप उघडला असेल तर आधी बंद करा : सुडो युमाउंट /डेव्ह/एसडीबी१. स्पेलिंग यू-एम-ओ-यू-एन-टी. पहिल्या ‘यू’नंतर ‘एन’ नाही, इथे हमखास चुकतं. हिस्सा उघडलेलाच नसेल तर तसा मेसेज येईल, मग पुढे चला.

२) सुडो एफडिस्क /डेव्ह/एसडीबी. इथे हिश्श्याचा आकडा लावायचा नाही, पूर्ण डिस्कचं नाव द्यायचं. आता एफडिस्क तुमच्या एकेका अक्षराची वाट बघत बसेल.

३) ‘पी’ दाबून एंटर. सध्याचा तक्ता दिसेल. डिस्क तीच आहे ना, पुन्हा एकदा बघा. शेवटची प्रत डिस्कच्या टोकाला नाही अशी तक्रार दिसली तर बूटेबल पेनड्राइव्हमध्ये ते नेहमीचं आहे.

४) ‘ओ’ दाबून एंटर. एमबीआर पद्धतीचा कोरा तक्ता तयार होतो. जीपीटी हवा असता तर ‘ओ’च्या जागी ‘जी’.

५) ‘एन’ दाबून एंटर. नवा हिस्सा. प्रकार, क्रमांक, सुरुवात, शेवट असे प्रश्न येतील. सगळ्यांना नुसतं एंटर दाबत गेलात तर पूर्ण जागेचा एकच हिस्सा २०४८ पासून तयार होतो. जुन्या फॉरमॅटची खूण सापडली, ती पुसायची का, असं विचारलं तर इथे ‘वाय’ चालेल.

६) ‘टी’ दाबून एंटर, मग ‘सी’. म्हणजे हा हिस्सा एफएटी३२ प्रकारचा आहे अशी नोंद झाली.

७) पुन्हा ‘पी’. नवा तक्ता डोळ्यांनी वाचा.

८) सगळं बरोबर असेल तर ‘डब्ल्यू’. काहीही शंका असेल तर ‘क्यू’.

या आठव्या पायरीतच सगळं आहे. एफडिस्कमध्ये ‘डब्ल्यू’ दाबेपर्यंत डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. आधीच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे कच्च्या कागदावरचं आखणं. ‘क्यू’ दाबलं की कागद फाडून टाकला, डिस्क होती तशीच. ‘डब्ल्यू’ दाबलं की फेरफार नोंदला गेला. म्हणून शिकायचं असेल तर जुना पेनड्राइव्ह घ्या, पाहिजे तेवढे हिस्से पाडा, पुसा आणि शेवटी ‘क्यू’ दाबून बाहेर पडा.

बांध घालून झाला, आता वाफे :

सुडो एमकेएफएस.व्हीएफएटी -एफ ३२ /डेव्ह/एसडीबी१

इथला ‘एफ’ तेवढा मोठा काढायचा, आणि डिस्कच्या नावापुढे १ लावायचा, कारण फॉरमॅट हिश्श्याचं करायचं असतं. झालं. पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावा, पूर्ण दिसेल. एफएटी३२ मध्ये एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. लांबलचक व्हिडिओ ठेवायचे असतील तर एक्सफॅट हा प्रकार घ्यावा.

सगळी हत्यारं सारखी नसतात

एफडिस्कखेरीज ‘पार्टेड’ नावाचं दुसरं साधन आहे. इंटरनेटवरच्या व्हिडिओंमध्ये दोन्ही सर्रास दाखवतात, पण त्यांत एक फरक जीवघेणा आहे. पार्टेडमध्ये कच्चा कागद नसतो. आज्ञा दिली की ती त्याच क्षणी डिस्कवर लिहिली जाते. एफडिस्कची सवय असलेला माणूस ‘शेवटी क्यू दाबू’ म्हणून पार्टेडमध्ये हिस्सा पुसून बघतो, आणि तो खरंच पुसला गेलेला असतो.

नवशिक्यांसाठी ‘सीएफडिस्क’ हे तिसरं साधन बरं. त्यात बाणाच्या बटणांनी फिरता येतं, हिस्से यादीसारखे समोर दिसतात. बदल डिस्कवर लिहिण्याआधी ते पूर्ण ‘येस’ असं टाईप करायला लावतं. नुसत्या एंटरने चूक होत नाही.

एक हिस्सा दुसऱ्यावर चढवायला गेलात, म्हणजे शेजाऱ्याचा बांध कोरायला गेलात, तर ही साधनं सहसा अडवतात. पण चुकीची डिस्क निवडली तर कोणी अडवत नाही. ती जबाबदारी आपलीच.

तक्ता उडाला असेल तर

डिस्क ‘रिकामी’ दिसते आहे, पण आत महत्त्वाचं काही होतं. अशा वेळी पुढच्या क्रमाने चला.

पहिलं म्हणजे त्या डिस्कवर काहीही लिहू नका. नवी फाईल टाकू नका, फॉरमॅट करू नका, कॅमेऱ्यात घालून ‘एकच’ फोटो काढू नका. नवीन लिहिलं की ते जुन्याच्या जागेवर जाऊन बसू शकतं.

दुसरं, डिस्क खटखट आवाज करत असेल, मधेच गायब होत असेल, तर हा तक्त्याचा नव्हे, यंत्राचा बिघाड आहे. ती बंद करा आणि जाणकाराकडे न्या. वारंवार चालू करून बघण्याने नुकसान वाढतं.

तिसरं, डिस्क ठणठणीत असेल तर तिची पूर्ण हुबेहूब प्रत दुसऱ्या मोठ्या डिस्कवर काढा. त्यासाठी ‘डीडी’ ही आज्ञा आहे, आणि कुरकुरणाऱ्या डिस्कसाठी ‘डीडीरेस्क्यू’. डीडीमध्ये ‘आयएफ’ म्हणजे कुठून आणि ‘ओएफ’ म्हणजे कुठे. ही दोन नावं अदलाबदल झाली तर चांगल्या डिस्कवर दुसरंच काही लिहिलं जातं. एंटर दाबण्याआधी शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवा, लाज बाळगू नका. पुढचे प्रयोग मूळ डिस्कवर करण्यापेक्षा या प्रतीवर करावेत.

चौथं, आधी काढलेली नक्कल असेल तर वर दिलेल्या एसएफडिस्कच्या आज्ञेने परत बसवा. नुसता मोबाइलमधला फोटो असेल तर एफडिस्कमध्ये ‘एन’ दाबून सुरुवात आणि शेवट तेच आकडे द्या. इथे एक प्रश्न येईल, आणि त्याचं उत्तर आधीच्या उदाहरणाच्या बरोबर उलट आहे. हिश्श्यात जुन्या फॉरमॅटची खूण सापडली, पुसू का? या वेळी उत्तर ‘एन’, म्हणजे नाही. ती खूण हीच तर आपली जमीन सापडल्याची निशाणी आहे. ‘वाय’ दाबलं तर हाताशी आलेला डेटा पुन्हा लांब जाईल.

पाचवं, नक्कलही नाही आणि फोटोही नाही, तर ‘टेस्टडिस्क’ वापरा. हा फुकटचा प्रोग्रॅम पूर्ण डिस्क चाळून जुन्या हद्दीच्या खुणा शोधतो आणि तक्ता पुन्हा बांधून देतो. त्याच्याच जोडीचा ‘फोटोरेक’ हा तक्त्याकडे बघतच नाही, थेट फाईलींच्या आतल्या खुणांवरून फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं शोधून काढतो. फाईलींची मूळ नावं मात्र मिळत नाहीत. सापडलेल्या फाईली नेहमी दुसऱ्या डिस्कवर उतरवायच्या.

एसएसडीच्या बाबतीत जादा सावधगिरी हवी. लिनक्समध्ये नेहमीच्या ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट करताना डिस्कला ‘ही जागा मोकळी झाली’ असं कळवलं जातं, आणि एसएसडी ती जागा आतून साफ करून टाकू शकते. मग टेस्टडिस्कही काही करू शकत नाही.

मोबाइलचं कार्ड ‘कोरं’ दिसतंय?

अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सचाच आहे. मोबाइलच्या मेमरीतही असेच हिस्से असतात. सिस्टीमसाठी वेगळे, आपल्या फोटो-व्हिडिओंसाठी वेगळा. त्यामुळे १२८ जीबीचा फोन घेतला तरी पूर्ण जागा हाताला लागत नाही.

अँड्रॉइड ६ पासून काही फोनमध्ये मेमरी कार्ड फोनच्याच मेमरीत जोडून घ्यायची सोय आहे. असं जोडलेलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं तर ते खराब किंवा कोरं वाटतं. लिनक्समध्ये पार्टेडने त्याचा तक्ता नुसता छापून बघितला, तर ‘अँड्रॉइड_एक्सपांड’ अशा नावाचा हिस्सा दिसतो. असं दिसलं की ओळखावं, कार्ड ठीक आहे. त्यातला माल कुलूपबंद आहे आणि किल्ली त्याच फोनमध्ये आहे. कार्ड परत त्याच फोनमध्ये घाला. आणि फोन दुरुस्तीला देऊन ‘रिसेट’ करायच्या आधी कार्डातले फोटो बाहेर काढून घ्या, कारण रिसेटबरोबर किल्लीही जाते.

हिस्सा लहान-मोठा करताना

विंडोजशेजारी लिनक्स बसवायला जागा करायची असते, तेव्हा हिस्सा लहान करावा लागतो. इथे क्रम चुकला की सगळं फसतं. लहान करताना आधी आतलं फॉरमॅट आकसून घ्यायचं, मग बांध आत सरकवायचा. मोठा करताना आधी बांध बाहेर न्यायचा, मग फॉरमॅट पसरवायचं. पीक उभं असताना आधी बांध सरकवला तर बाहेर राहिलेलं पीक गेलं, इतकं साधं गणित आहे.

विंडोजचा हिस्सा लहान करायचा असेल तर तो विंडोजमधल्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून करावा आणि मोकळी झालेली जागा लिनक्सला द्यावी. आणि काम चालू असताना वीज जाणार नाही याची सोय आधी बघा. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली हवी, साधा कॉम्प्युटर असेल तर इन्व्हर्टर. भारनियमनाच्या वेळेत हे काम काढू नये.

तक्ता बदलल्यावर डिस्क वापरात असल्याचा मेसेज येऊन नवा तक्ता दिसला नाही, तर ‘सुडो पार्टप्रोब’ ही आज्ञा द्या, नाहीतर मशीन एकदा बंद करून चालू करा.

भिंतीला चिकटवून ठेवा

• डिस्कचं नाव दर वेळी एलएसबीएलकेने बघा. नाव आणि आकार दोन्ही जुळले पाहिजेत.
• बदल करण्याआधी तक्त्याची नक्कल काढा, निदान मोबाइलने फोटो घ्या.
• एफडिस्कमध्ये ‘क्यू’ म्हणजे सुटका, ‘डब्ल्यू’ म्हणजे कायमची नोंद. पार्टेडमध्ये ही सुटका नाही.
• ‘रिकाम्या’ दिसणाऱ्या डिस्कवर फॉरमॅट नाही आणि नवीन काही लिहिणं नाही.
• दुकानात डिस्क देताना ‘डेटा पाहिजे, फॉरमॅट करू नका’ असं स्पष्ट सांगा आणि पावतीवर लिहून घ्या.
• महत्त्वाच्या फाईली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एक प्रत घरात, दुसरी नातेवाइकाकडे किंवा ऑनलाइन.

शाळेचा, ग्रामपंचायतीचा किंवा सोसायटीचा कॉम्प्युटर असेल तर या नक्कलेची फाईल दप्तराच्या नोंदींसोबत ठेवायला हरकत नाही. काढायला एक मिनिट लागतं, आणि ती काढायची वेळ डिस्क चांगली चालू असतानाचीच असते.